इनाम, भरपाई आणि गवतपेढी : मालपाई सीमाप्रदेशातील कुरणांचा एक वाङ्मयीन इतिहास

मराठीत ‘इनाम’ हा शब्द मुळात जमिनीशी जोडलेला आहे. सेवेच्या बदल्यात सत्तेने दिलेली करमुक्त जमीन हा त्याचा रूढ अर्थ. बक्षीस हा त्याचा सैलावलेला अर्थ. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील गुरेपालकांच्या इतिहासात मात्र या शब्दाचा प्रवास जवळजवळ उलट दिशेने झालेला दिसतो. तेथे इनाम आधी मेलेल्या जनावरावर लावले गेले आणि शंभराहून अधिक वर्षांनी ते जमीन राखण्याशी, म्हणजे जनावर जिवंत ठेवण्याशी जोडले गेले. ऍरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या सुमारे आठ लाख एकरांच्या मुलखात हे स्थित्यंतर घडले. ते घडवण्यात कायद्याचा आणि पैशाचा जेवढा वाटा होता, तेवढाच कथन, कविता आणि छायाचित्र यांचाही होता. वन्यजीवस्नेही चराईला मोबदला देण्याच्या आजच्या योजनांची चर्चा बहुधा अर्थशास्त्राच्या परिभाषेत होते. तिच्या मुळाशी असलेला हा वाङ्मयीन थर त्यामुळे दुर्लक्षित राहिला आहे.

या मुलखाला ‘मालपाई’ म्हणतात. मूळ स्पॅनिश शब्द ‘माल पाईस’, म्हणजे वाईट मुलूख; लाव्हा थिजून झालेल्या खडकाळ, नांगराला न जुमानणाऱ्या जमिनीला वसाहतकाळातील स्पॅनिश प्रवाशांनी दिलेले हे नाव. मराठी कानाला ‘माळ’ या शब्दाची आठवण होते. ते ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे, पण अर्थाचे साम्य तसे नाही. दख्खनचा माळही लाव्ह्याचाच, आणि महसुली दप्तरात त्याचीही नोंद बहुधा पडीक म्हणूनच झाली. जेथे पीक येत नाही ती जमीन वाईट, हे दोन्हीकडचे गृहीत एकच आहे. गवत हे पीक मानायचे की नाही, या प्रश्नावर पुढचा सारा इतिहास उभा आहे.

या कुरणांवर गुरांचे मोठे कळप आले ते १८८० नंतरच्या दशकात. रेल्वे आली, पूर्वेकडचे आणि परदेशी भांडवल आले आणि अपाची लोकांचा प्रतिकार मोडून काढण्यात आला. जेरोनिमोने १८८६ मध्ये अखेरची शरणागती पत्करली ती याच मुलखातल्या पेलोन्सियो डोंगरातील स्केलेटन कॅन्यनमध्ये. कुरणांच्या व्यवस्थापनाचा मोबदला कोणाला मिळावा याची चर्चा करताना हा तपशील विसरून चालणार नाही. या जमिनीचे ज्यांना कधीच काही मिळाले नाही, असे लोक या इतिहासाच्या पहिल्याच पानावर आहेत आणि नंतरच्या पानांवर त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. १८९१ ते १८९३ या काळात भीषण अवर्षण पडले. दक्षिण ऍरिझोनातील निम्म्याहून अधिक गुरे मेली. गवत मुळापर्यंत खरवडले गेले होते. पुढच्या पावसाने माती वाहून नेली आणि नाल्यांच्या खोल घळी झाल्या.

जे कळप उरले त्यांच्या रक्षणासाठी लांडगा, पुमा, अस्वल आणि जॅग्वार यांच्या शिरावर इनामे लागली. आधी ती गुरेपालकांच्या संघटना आणि प्रादेशिक सरकारे देत. १९१५ पासून संघराज्य सरकारने या कामासाठी स्वतंत्र निधी आणि पगारी शिकारी पुरवले. इनामाचे तर्कशास्त्र सोपे होते: जनावराचा मृत्यू हे सार्वजनिक हिताचे काम, म्हणून त्याची किंमत सार्वजनिक तिजोरीतून. पुढे जॅग्वार जिवंत ठेवण्याला जो मोबदला दिला जाऊ लागला त्याचे तर्कशास्त्रही हेच आहे, फक्त क्रियापद बदलले आहे. हे सातत्य संवर्धनवाद्यांना फारसे रुचत नाही, पण ते नाकारता येणार नाही.

क्रियापद बदलण्याची ही प्रक्रिया ज्या लेखनात प्रथम स्पष्ट दिसते ते आल्डो लिओपोल्ड यांचे. १९०९ मध्ये वनखात्यातील तरुण अधिकारी म्हणून ते ऍरिझोनात आले आणि त्याच सुमारास त्यांनी एक लांडगी मारली. त्यानंतरची कित्येक वर्षे ते हिंस्र प्राण्यांच्या निर्मूलनाचे उघड समर्थक होते. त्या लांडगीच्या डोळ्यांतला विझत जाणारा प्रकाश त्यांच्या लेखनात आला तो १९४४ मध्ये, म्हणजे घटनेनंतर तब्बल पस्तीस वर्षांनी. आणि तो निबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला १९४९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. ‘थिंकिंग लाइक अ माउंटन’ हा निबंध साक्षात्काराची कथा म्हणून वाचला जातो. कालानुक्रम पाहता तो साक्षात्कार नसून उशिरा रचलेले आत्मपरीक्षण आहे, आणि त्याचे मोलही त्यातच आहे. मधल्या वर्षांत लिओपोल्ड यांनी एक वेगळे, कोरडे वाटणारे लेखन केले होते. १९२४ मध्ये वनशास्त्राच्या नियतकालिकात त्यांनी दक्षिण ऍरिझोनातील गवत, झुडपे आणि वणवा यांच्या संबंधावर एक लेख लिहिला. पूर्वी विजेने किंवा माणसांनी लागलेले वणवे झुडपांना वाढू देत नसत. गुरांनी गवत संपवले, त्यामुळे आगीला पसरायला इंधन उरले नाही आणि झुडपे माजली, असे त्याचे प्रतिपादन होते. वणवा हा शत्रूच, अशी वनखात्याची श्रद्धा असताना हे मत मांडले गेले. लांडगीचा निबंध जगभर गेला. हा लेख खात्यातच राहिला. मालपाईच्या गुरेपालकांना मात्र पुढे कामी आला तो दुसऱ्या लेखातला विचार.

झुडपांचे हे आक्रमण मराठी वाचकाला अपरिचित नाही. तेथील मेस्किट हे झाड आपल्याकडच्या वेड्या, म्हणजे विलायती बाभळीचे जातभाईच. आपल्याकडे ते बाहेरून आणून लावले गेले आणि माळ गिळत गेले. तेथे ते मूळचेच, पण ओढ्याकाठी आणि नाल्यांत सीमित असलेले, वणवा थांबल्यावर उघड्या गवतावर चढले. गवत कमी झाले की गुरेही कमी पोसली जातात. म्हणजे गुरेपालक आणि गवतावरचे वन्यजीव यांचे हितसंबंध एका टप्प्यापर्यंत एकच होते. पण हे दोघांच्याही प्रतिनिधींना दिसायला विसाव्या शतकाचा शेवट यावा लागला.

१९९१ मध्ये या भागात लागलेला एक वणवा वनखात्याने विझवला. तो जळू द्यावा, असे तेथील गुरेपालकांचे मत होते. ते कोणी विचारात घेतले नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९० मध्ये, ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेने तीन लाखांहून अधिक एकरांचे ग्रे रँच विकत घेतले होते. आता ही जमीन सरकारकडे जाईल, तेथील गुरे निघतील आणि शेजारची रँचही हळूहळू तशीच जातील, अशी धास्ती परिसरात पसरली. दुसरा धोका अधिक निःशब्द होता. रँच चालवणे परवडेना, की जमिनीचे तुकडे पाडून घरबांधणीसाठी विकले जात. ऍरिझोनाच्या अनेक खोऱ्यांत हे घडून चुकले होते. तुकडे पडलेल्या जमिनीवर वणवा पेटू देता येत नाही, प्रॉन्गहॉर्नला मोकळे धावता येत नाही आणि गुरेही चारता येत नाहीत.

डग्लस गावाजवळच्या मालपाई रँचवर ज्या बैठका सुरू झाल्या त्यांची पार्श्वभूमी ही होती. या बैठकांमागे असलेल्या दोन व्यक्तींचा विचार तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने अवश्य करावा. पहिली व्यक्ती जिम कॉर्बेट. भारतीय वाचकाच्या मनात या नावाबरोबर कुमाऊँ आणि नरभक्षक वाघ येतात. हे कॉर्बेट (१९३३–२००१) त्यांचे केवळ नामसाधर्म्य असलेले, क्वेकर पंथाचे, शेळ्या राखणारे तत्त्वचिंतक. मध्य अमेरिकेतून पळून आलेल्या निर्वासितांना आसरा देणाऱ्या १९८० नंतरच्या चळवळीचे ते एक प्रवर्तक. त्यांचा ‘गोटवॉकिंग’ हा ग्रंथ १९९१ मध्ये आला. वाळवंटात शेळ्यांच्या दुधावर जगत भटकणे, म्हणजे मालकीच्या आणि कायद्याच्या चौकटीबाहेर पाऊल टाकून न्याय्य सहजीवन शोधणे, हा त्याचा आशय आहे आणि त्यासाठी कॉर्बेट यांनी आधार घेतला तो डॉन किहोतेच्या भ्रमंतीचा. सर्व्हान्तेसच्या नायकाला मेंढपाळ होण्याची इच्छा अखेरीस होते, हे लक्षात घेतले तर हा आधार वरवरचा नाही. सीमेवरच्या निर्वासितांसाठी वापरलेली ‘अभय’ ही कल्पना त्यांनी जमीन आणि वन्यप्राणी यांच्यापर्यंत नेली. गुरेपालकांनी आपल्या टीकाकारांना घरी बोलवावे, हा आग्रहही याच विचाराला धरून होता.

दुसरी व्यक्ती ड्रमंड हॅडली (१९३८–२०१५). मद्यनिर्मितीत गडगंज झालेल्या घराण्याचा हा वारस विद्यापीठीय शिक्षणानंतर कवितेकडे वळला. चार्ल्स ऑल्सन, ऍलन गिन्सबर्ग, गॅरी स्नायडर यांच्या वर्तुळात त्याची ऊठबस होती. पुढे त्याने मेक्सिकन गुराख्यांबरोबर प्रत्यक्ष काम केले आणि त्यांच्या बोलण्यातून कविता घडवली. ‘व्हॉइस ऑफ द बॉर्डरलँड्स’ हा त्याचा प्रमुख संग्रह २००५ मध्ये आला. त्यातल्या कवितांत निवेदक अनेकदा मागे सरतो. बोलतात ते वाकेरो, कुंपण दुरुस्त करणारे, सीमा ओलांडणारे. इंग्रजी आणि स्पॅनिश एकमेकींत मिसळतात. मौखिकतेचा हा आग्रह ऑल्सनच्या काव्यविचाराशी जोडता येतो, पण त्याची अधिक जवळची सोयरीक गुराख्यांच्या ऐकीव किश्श्यांशी आहे. हॅडलीच्या कवितेची जी रीत तीच त्याच्या सार्वजनिक कामाची: दुसऱ्याला बोलू द्यायचे.

‘गवतपेढी’ची कल्पना याच कवीची मानली जाते. १९९४ मध्ये मालपाई बॉर्डरलँड्स ग्रुप ही ना-नफा संस्था स्थापन झाली. ग्रे रँच हॅडली कुटुंबाने उभारलेल्या ऍनिमस फाउंडेशनकडे आले. तेथे गुरे राहतील, पण जमिनीचे तुकडे पडणार नाहीत, अशी अट खरेदीतच बांधली गेली. मग व्यवहार असा ठरला. एखाद्या रँचरचे कुरण अवर्षणाने थकले असेल, किंवा त्याला ते जाळून नव्याने उगवू द्यायचे असेल, तर त्याने आपली गुरे काही वर्षे ग्रे रँचच्या गवतावर आणावीत. त्या गवताची जी किंमत होईल तेवढ्या किमतीचा एक हक्क त्याने संस्थेला द्यायचा: आपल्या खाजगी जमिनीचे तुकडे पाडण्याचा, तीवर वसाहत उभारण्याचा हक्क कायमचा सोडायचा. जमीन त्याची, गुरे त्याची, वारसा त्याचा. फक्त विकून टाकण्याच्या मोहाची किंमत त्याला गवताच्या रूपाने मिळे.

हा मोबदला रोखीत नाही, ही बाब महत्त्वाची आहे. रोख पैसा रँचरला रँचबाहेर नेऊ शकतो. गवत त्याला रँचमध्येच ठेवते. कराराच्या मसुद्यात आणखी एक हुशारीचे कलम होते. या भागातील रँच खाजगी, राज्याच्या आणि संघराज्याच्या जमिनी मिळून बनलेली असतात. सरकारी जमिनीवरची चराई बंद झाली तर खाजगी तुकड्यावर एकटे रँच जगत नाही. म्हणून रँचरचा दोष नसताना सरकारी चराईपट्टे गेले तर त्याने दिलेला हक्क परत फिरवता येईल, अशी तरतूद झाली. संवर्धनाची बाजू घेणाऱ्यांना ही तरतूद पळवाट वाटली. वस्तुतः त्यातून सरकारी यंत्रणेलाही या करारात, सही न करता, बांधून घेतले गेले. असे करार करून सुमारे पंचाहत्तर हजार एकर खाजगी जमीन राखली गेली. पैकी काही करार गवताच्या बदल्यात, बरेच देणग्यांतून उभारलेल्या पैशांच्या बदल्यात. एक मात्र स्पष्ट म्हटले पाहिजे. या पेढीचे मूळ भांडवल एका श्रीमंत घराण्याचे होते. इतरत्र या कल्पनेचे अनुकरण करू पाहणाऱ्यांना तीन लाख एकरांचा असा धनको सहजी सापडत नाही, आणि या प्रयोगाच्या गौरवपर वर्णनांत ही गोष्ट बहुधा तळटिपेत जाते.

वणव्याच्या प्रश्नावर गुरेपालक, शास्त्रज्ञ आणि सरकारी खाती यांनी मिळून नियोजित आगी लावल्या. पहिली १९९५ मध्ये. २००३ मधील आग चाळीस हजारांहून अधिक एकरांवर होती. प्रत्येक वेळी सीमेवरचा एखादा दुर्मिळ जीव आडवा येई. पेलोन्सियो डोंगरातील एका संरक्षित रॅटलस्नेकला आगीत धोका किती, यावर वर्षानुवर्षे पत्रव्यवहार झाला. संरक्षित प्रजातींचा कायदा (१९७३) येथे विचित्र ठिकाणी उभा होता. ज्याच्या जमिनीवर दुर्मिळ प्राणी टिकला त्याच्यावर निर्बंध, आणि ज्याने तो आधीच संपवला तो मोकळा, असे त्याचे फळ दिसे. एका रँचर कुटुंबाने १९९४ च्या सुमारास अवर्षणात आटणाऱ्या तळ्यातील चिरिकावा जातीच्या बेडकांसाठी दर आठवड्याला सुमारे हजार गॅलन पाणी गाडीने वाहून आणले. ही जात २००२ मध्ये संरक्षित यादीत आली. म्हणजे कायद्याच्या कोरड्या वाचनाने या कुटुंबावरची बंधने वाढायला हवी होती. मालपाई गटाने २००४ मध्ये या बेडकासाठी सरकारशी जो करार केला त्यात अशा जमीनमालकांना अभय दिले गेले: अधिवास सुधारल्याबद्दल शिक्षा होणार नाही. येथे मोबदला म्हणजे पैसा नव्हे, गवतही नव्हे. मोबदला म्हणजे भीतीतून सुटका. कॉर्बेट यांचा शब्द येथे सरकारी दस्तऐवजात शिरलेला दिसतो, जरी तो तेथे पोचला दुसऱ्याच वाटेने.

७ मार्च १९९६ रोजी वॉर्नर ग्लेन हे रँचर आणि पुमाचे व्यावसायिक मार्गदर्शक शिकारी पेलोन्सियो डोंगरात कुत्र्यांच्या मागे गेले, तेव्हा कड्यावर त्यांना पुमा नव्हे, जॅग्वार दिसला. त्यांनी त्याची छायाचित्रे काढली. अमेरिकेत रानातल्या जिवंत जॅग्वारची अशी छायाचित्रे त्याआधी निघालेली नव्हती. पश्चिमेकडील गुरेपालकांत दुर्मिळ प्राण्याबाबत एक प्रसिद्ध सल्ला आहे: मारा, पुरा आणि बोलू नका. त्यात क्रौर्यापेक्षा हिशोब अधिक आहे, कारण बातमी फुटली की निर्बंध येणार. ग्लेन यांच्यासमोर गप्प राहण्याचा पर्याय होता. शेजाऱ्यांशी बोलून त्यांनी तो नाकारला. छायाचित्रे प्रसिद्ध झाली, ‘आइज ऑफ फायर’ हे पुस्तक त्याच वर्षी आले आणि पुढच्या वर्षी, १९९७ मध्ये, अमेरिकेच्या हद्दीतील जॅग्वार संरक्षित यादीत नोंदला गेला. मालपाई गटाने जॅग्वारने मारलेल्या जनावरांच्या भरपाईसाठी निधी ठेवला.

पुस्तकाचे शीर्षक वाचून लिओपोल्डची लांडगी आठवते. ग्लेन यांनी ते जाणून निवडले की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. दोन्हीकडे शिकाऱ्याची नजर प्राण्याच्या डोळ्यांना भिडते आणि दोन्हीकडे त्या डोळ्यांत आग आहे. फरक कालक्रमाचा. लिओपोल्ड यांच्या निबंधात गोळी आधी सुटते आणि अर्थ पस्तीस वर्षांनी येतो. ग्लेन यांच्या पुस्तकात गोळी सुटतच नाही, आणि कथनाला पश्चात्तापाची गरज पडत नाही. त्यामुळे ते साहित्य म्हणून उणे आहे, असे म्हणता येईल; ते एका शिकाऱ्याचे सरळ, कौशल्याविना केलेले निवेदन आहे. पण परिणामाच्या दृष्टीने ते लिओपोल्डच्या निबंधाहून तातडीचे ठरले, कारण ते गुरेपालकाने गुरेपालकांसाठी लिहिले होते. २००६ मध्ये ग्लेन यांना दुसरा जॅग्वार दिसला, या वेळी न्यू मेक्सिकोच्या हद्दीत, आणि पुन्हा कॅमेराच पुढे झाला.

भरपाई आणि इनाम यांतला फरक येथे निर्णायक ठरतो. भरपाई मिळण्यासाठी आधी वासरू मरावे लागते, आणि ते जॅग्वारनेच मारले हे सिद्ध करावे लागते. ती नुकसानाची भाषा बोलते. सीमेच्या दक्षिणेला, सोनोरा राज्यात, २००७ पासून चालू झालेल्या ‘विविएन्दो कोन फेलिनोस’ या उपक्रमात वेगळी रीत आली. उत्तर जॅग्वार राखीव क्षेत्राच्या शेजारचे गुरेपालक शिकार न करण्याचा करार करतात, त्यांच्या रँचवर स्वयंचलित कॅमेरे बसवले जातात आणि जॅग्वार, ऑसेलॉट, पुमा, बॉबकॅट यांपैकी कोणी छायाचित्रात आले की त्या रँचच्या मालकाला ठरलेली रक्कम मिळते. जॅग्वारची सर्वांत अधिक. पूर्वी कातडे दाखवून इनाम घेत. आता प्रतिमा दाखवून घेतात. पुरावा तोच प्राणी देतो, पण या वेळी तो चालत पुढे निघून जातो. ग्लेन यांच्या एका छायाचित्राने जे नैतिक काम केले त्याचेच हे व्यवहारात झालेले रूपांतर म्हणता येईल, मग योजनाकारांना ती आठवण असो वा नसो.

या प्रयोगांविषयी नेथन सेयर यांचे ‘वर्किंग वाइल्डरनेस’ (२००५) हे पुस्तक आजही सर्वांत विश्वसनीय आहे. निसर्ग म्हणजे माणसाविना असलेली भूमी, या अमेरिकी वाङ्मयातील जुन्या गृहीताला त्याचे शीर्षकच छेद देते. काम होत असलेले रान ही कल्पना भारतीय वाचकाला नवी नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) माळ, मेंढरे आणि माणसे यांना वेगळे काढताच येत नाही, अवर्षण येते तेव्हा तिन्ही एकदम उठतात. तेथे मात्र थकलेल्या माळाला विसावा देणारी कोणतीही पेढी नाही. गाव उठून जाते, एवढाच विसावा.

मालपाईची पेढी अवर्षणासाठी आणि वणव्यासाठी बांधलेली होती; सीमेसाठी नव्हती. जॅग्वारची वीण मेक्सिकोत होते. या काळात उत्तरेला दिसलेले प्राणी बहुधा दक्षिणेतून चालत आलेले नर होते. गुरेपालकांनी आपल्या जमिनीचे तुकडे पडू दिले नाहीत ते या वाटा उघड्या राहाव्यात म्हणूनही होते. २०२० च्या अखेरीस संघराज्य सरकारच्या कंत्राटदारांनी हॅडलीच्या ग्वादालूपे कॅन्यन रँचच्या परिसरात सुरुंग लावून डोंगर फोडला आणि पोलादी खांबांची उंच भिंत उभी करायला सुरुवात केली. जानेवारी २०२१ मध्ये नव्या प्रशासनाने काम थांबवले तेव्हा खोऱ्यातून भिंतीची सलग रांग गेली होती; कॅन्यनमध्ये काही ठिकाणी फुटलेला खडक आणि अर्धवट रस्ते तेवढे उरले होते.